वीस रुपयांची खोली

गिरगावातल्या एखाद्या जुन्या चाळीची भाडेपावती कधी हातात घेऊन पाहा. पातळ कागद, वर मालकाचं नाव, खाली खोलीचा नंबर, महिना, आणि भाड्याच्या रकान्यात वीस रुपये. कुठे अठरा असतील, कुठे पंचवीस. म्हणजे दक्षिण मुंबईत, चर्नी रोड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, महिनाभर राहण्याची किंमत नाक्यावरच्या एका वडापावाएवढी. आणि हीच पावती दुसऱ्याच्या नावावर करून घ्यायची म्हटली, की बोलणी लाखांत सुरू होतात.

एकच खोली महिन्याच्या हिशेबाने वडापावाच्या भावात आणि एकरकमी घ्यायची तर लाखांत, हे कोडं मला बरीच वर्षं छळत होतं. मालक धर्मात्मा नसतो आणि लाख मोजणारा वेडा नसतो. मालक, जाणारा भाडेकरू आणि येणारा, व्यवहारातली तिन्ही माणसं हिशेबाला पक्की असतात. मग हा हिशेब आहे तरी कसला?

पुढे जी खोली येईल ती मी मांडणीसाठी धरली आहे: दुसरा मजला, दहा बाय सोळा, आत मोरी, बाहेर सामायिक गॅलरी, टोकाला संडास, मूळ भाडं वीस रुपये. ती कुणा एका कुटुंबाची नाही. कायदे, तारखा आणि इमारतींचे आकडे मात्र खरे आहेत, आणि गंमत आहे ती त्यांच्यातच.

घड्याळ थांबलं ती तारीख

१ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी खोलीचं जे भाडं होतं तेच तिचं प्रमाण भाडं, असं १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने ठरवलं. त्यानंतर पहिल्यांदा भाड्याने गेलेल्या जागेला पहिल्या दिवसाचं भाडं लागू. कायद्याचा अंमल १३ फेब्रुवारी १९४८ला सुरू झाला. करवाढ वगैरे थोडी भर भाडेकरूकडून घ्यायची मुभा होती, पण मूळ आकडा तिथेच खिळला.

भाड्याला वेसण घालण्याची ही पहिली वेळ नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या शेवटच्या वर्षात, १९१८मध्ये, मुंबईत असा कायदा आला होता. मग १९३९मध्ये आणि १९४४मध्ये. दर वेळी कारण खरं होतं. १९४१च्या जनगणनेत शहरात पंधरा लाखांच्या आसपास माणसं होती, १९५१मध्ये तेवीस लाखांवर. मधल्या दहा वर्षांत महायुद्ध, त्यापायी बांधकामाच्या सामानाची टंचाई, आणि मग फाळणी होऊन सिंधहून आलेली कुटुंबं. अशा वेळी भाडी मोकळी सोडली असती तर गिरणीतल्या कामगाराचं बिऱ्हाड महिन्याभरात फुटपाथवर आलं असतं. त्या काळापुरता हा कायदा बरोबरच होता, असं माझं मत आहे.

'त्या काळापुरता' हे कायदा करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. कायदा तात्पुरता म्हणूनच आला. मुदत संपत आली की वाढवायची, पुन्हा वाढवायची, असं करत तो पन्नास वर्षं जगला. एका चाळीत मालक एक आणि भाडेकरू चोवीस. मुदतवाढीला विरोध करून निवडणूक लढवणारा उमेदवार मिळणार तरी कुठून?

उरलेल्या चाळीस रुपयांचं काय झालं

१९५५ साल धरू. आपल्या खोलीचं भाडं वीस रुपये आहे, पण दाराबाहेर उभा असलेला माणूस साठ द्यायला तयार आहे. (साठ हा आकडा माझा, उदाहरणापुरता.) वरचे चाळीस घ्यायला कायद्याने बंदी केली. ते द्यायची तयारी मात्र त्या माणसाच्या खिशात तशीच राहिली. खोली मिळाली तर महिन्याला चाळीस वाचणार, वर्षाचे चारशे ऐंशी. आणि एकदा आत शिरलं की मुलानातवंडांपर्यंत कुणी हलवू शकत नाही. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांची ही बचत आजच कुणी एकरकमी मागितली, तर तो मोजून देईल की नाही? देईल, आणि वर आभारही मानेल.

तीच पागडी. मासिक भाड्याच्या दारातून किंमत आत येईना, म्हणून ती खिडकीतून एकदम येऊन पडली.

शब्द मोठा मानाचा निवडला आहे. पागडी म्हणजे डोक्यावरचं पागोटं. कोलकात्यात याच रकमेला सलामी म्हणतात. लाच म्हणायचं नाही, किंमत म्हणायचं नाही, मानपान म्हणायचं. कायद्याच्या लेखी मात्र मालकाने भाड्याशिवाय अशी रक्कम घेणं गुन्हा होता, आणि भाडेकरूने जागा सोडताना पैसे घेणंही. पण तक्रार करणार कोण? जाणारा खूश, येणारा खूश, मालक खूश. एकरकमी देण्यासारखं काही नव्हतं म्हणून ज्याला खोली मिळाली नाही, तो या व्यवहारात कुठे नव्हताच. त्याला आपण काही गमावलं आहे याचा पत्ताही नसायचा.

वाटपाची रीत हळूहळू बसली ती साधारण अशी: रकमेचा तिसरा हिस्सा मालकाला, दोन हिस्से जाणाऱ्या भाडेकरूला. हे प्रमाण कुठल्या कायद्यात लिहिलेलं नव्हतं, तरी मुंबईभर जवळपास सारखं. का? पावती फाडणारा हात मालकाचा, त्याच्या संमतीशिवाय येणारा माणूस उपरा ठरतो; म्हणून मालकाला काहीतरी द्यावंच लागतं. उलट भाडेकरू जागचा हललाच नाही, तर मालकाच्या हाती वीस रुपयांपलीकडे काही पडत नाही. म्हणून मोठा वाटा भाडेकरूचा. दोघांच्याही हातात एकेक किल्ली, आणि कुलूप दोन्ही लावल्याशिवाय उघडत नाही. व्यवहार झाला की दस्तऐवज काही नाही. जुन्या नावाची पावती बंद, नव्या नावाची सुरू.

छप्पर कुणाचं

पागडी देणाऱ्याने नेमकं काय विकत घेतलं? जागा त्याची नाही, जमीन त्याची नाही. पण त्याला काढताही येत नाही आणि पुढच्याला ती 'विकता'ही येते. म्हणजे खोलीच्या मालकीचे दोन तुकडे झाले. राहण्याचा आणि पैसे करण्याचा मोठा तुकडा भाडेकरूकडे, कागदावरचा तुकडा मालकाकडे. आणि छप्पर दोन्ही तुकड्यांच्या मधोमध पडलं.

तीन मजले, चोवीस खोल्या, वीस रुपये प्रत्येकी. महिन्याला चारशे ऐंशी. १९४०मध्ये हे बरं उत्पन्न होतं. तेवढ्याच रकमेत पुढे तीस-चाळीस वर्षं जिना, कौलं, गटार, रंगरंगोटी, सगळं भागवायचं म्हटलं तर मालक काय करील? तेच केलं. हात आखडला.

भाडेकरूने दुरुस्ती का करू नये? खोलीच्या आत तो करतोच. पण तुळई चोवीस घरांची असते. एकाने खर्च केला तर फायदा तेवीस जणांना फुकट, आणि शेवटी इमारत मालकाची. लालबाग-गिरगावच्या चाळींत गेलेल्या प्रत्येकाने पाहिलं असेल: उंबऱ्याच्या आत ग्रॅनाइटचा ओटा, गुळगुळीत टाइल्स, देखणा पोटमाळा, उंबऱ्याबाहेर टेकू दिलेली गॅलरी आणि जिन्याची हलणारी पायरी. हक्क कुठे संपतो हे शोधायला वकील नको. जिथे टाइल्स संपतात तिथे तो संपतो.

पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या तेव्हा १९६९मध्ये सरकारने दुरुस्ती मंडळाचा कायदा केला. उपकर गोळा करायचा आणि डागडुजी मंडळाने करायची. पुढे हे काम म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेकडे आलं. त्या वेळी मुंबईच्या जुन्या शहरात १९,६४२ उपकरप्राप्त, म्हणजे हा उपकर लागू असलेल्या, इमारती मोजल्या गेल्या. त्यांचे वयानुसार तीन वर्ग पाडले, आणि पहिल्या वर्गाची सीमारेषा पुन्हा तीच: १ सप्टेंबर १९४०. तिच्याआधीच्या इमारती १६,५०२. तिथपासून १९५०च्या अखेरपर्यंतच्या १,४८९. आणि १९५१पासून सप्टेंबर १९६९पर्यंतच्या १,६५१.

हे तीन आकडे एकाखाली एक लिहून मी बराच वेळ पाहत बसलो होतो. भाडी गोठल्यानंतरच्या जवळपास तीस वर्षांत मिळून ३,१४०. युद्ध, सामानाची टंचाई, जुन्या शहरात संपत चाललेली मोकळी जमीन, ही कारणंही आहेत. सगळं खापर एका कायद्यावर फोडणं बरोबर नाही. पण भाड्याने देण्यासाठी चाळ बांधणं हा एक जिवंत धंदा होता, भाटिया, पारशी, पाठारे प्रभू अशा अनेकांनी त्यात पैसा घातला होता, तो धंदा आटला हे खरं. पुढे इमारती उभ्या राहिल्या त्या खोल्या विकण्यासाठी. 'ओनरशिपचा फ्लॅट' हा शब्द मराठी घरात रुळला आणि १९६३मध्ये त्या व्यवहारांसाठी वेगळा कायदाही करावा लागला. आजही मुंबईत जागा 'घेतली' म्हणजे विकतच घेतली असं आपण धरतो. त्या धरण्याला इतिहास आहे.

महापालिकेलाही याची झळ बसली. मालमत्ता कर तेव्हा इमारतीला भाडं किती येऊ शकतं यावर ठरायचा. भाडं गोठलं की करही गोठला. भांडवली मूल्यावर आकारणी यायला २०१० साल उजाडावं लागलं.

आजी, पंखा आणि मनीऑर्डर

या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा भाग इथे येतो, कारण तो अर्थशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही, चाळीत सापडतो.

भाडेकरूला काढायची कारणं कायद्याने मोजून दिलेली आहेत. भाडं थकवलं तर. पोटभाडेकरू ठेवला तर. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही तर. १९४७च्या कायद्यात आणखी एक होतं: भाडेकरूने स्वतःची योग्य अशी दुसरी जागा घेतली तर. आणि वारसाची तरतूद अशी, की भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाकडे भाडेहक्क जातो. 'बरोबर राहणाऱ्या' हे शब्द लक्षात ठेवा.

यातल्या एकेका वाक्याने मुंबईतल्या घराघरांना एकेक सवय लावली.

डोंबिवलीला फ्लॅट घेतला तो बायकोच्या नावावर, कधी मुलाच्या. लोक समजले, काय प्रेम आहे! प्रेम असेलही, पण पावती ज्याच्या नावावर, त्याच्या नावावर दुसरं घर नको ही काळजी आधी. कुटुंब डोंबिवलीला गेलं, रेशनकार्ड गिरगावातच राहिलं. नातवाचं नाव जन्मल्याबरोबर त्या कार्डावर चढलं, म्हणजे उद्या तोही 'बरोबर राहणारा'. गिरगावच्या खोलीत एकटी आजी. शेजारीपाजारी समजतात सुनेशी पटत नसेल. पटतं चांगलं. आजी तिथे खोलीचा ताबा होऊन बसलेली असते.

आजी गेली की पंखा येतो. खोली बंद राहिली तर वीजबिलावर युनिट शून्य दिसतात, आणि मालकाचा वकील कोर्टात पहिली मागतो ती वीजबिलंच. म्हणून दर शनिवारी-रविवारी कुणीतरी जाऊन बसतं, दिवा-पंखा चालू राहतो, फ्रिज भरला नाही तरी घुरघुरत असतो. बाहेरच्याला ही उधळपट्टी वाटेल. खरं तर तो विम्याचा हप्ता आहे. महिन्याला काही रुपयांची वीज आणि त्यावर लाखांची खोली सुरक्षित. इतका स्वस्त विमा एलआयसीकडेही नसेल.

मनीऑर्डरची गोष्ट तर याहून न्यारी. कुठल्याही शहरात मालक भाड्यासाठी खेटे घालतो आणि भाडेकरू तोंड चुकवतो. इथे उलटं. मालक भाडं घ्यायचं बंद करतो, कारण घेतलं तर नातं मान्य केल्यासारखं होतं आणि नाही घेतलं तर थकबाकीचा दावा करता येतो. मग भाडेकरू वीस रुपयांची मनीऑर्डर करतो. ती 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत येते. तो कागद भाडेकरू प्लास्टिकच्या पिशवीत घालून, लग्नाच्या अल्बमखाली, कपाटात ठेवतो. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात उद्या हाच कागद बोलणार असतो. पैसे पोचले नाहीत याचा पुरावा पैशांपेक्षा मोलाचा!

भावाभावांतली भांडणं मी इथे मांडत नाही. आई गेली तेव्हा खोलीत नेमकं कोण राहत होतं, या एका प्रश्नावर किती घरांत दिवाळीचा फराळ बंद झाला असेल, हे ज्याचं त्याला ठाऊक.

अकरा महिने

आता दाराबाहेरच्या माणसाकडे वळू. पागडी परवडत नाही आणि मालक नवा भाडेकरू घ्यायला धजत नाही, तेव्हा वकिलांनी एक वाट काढली: हा भाडेकरू नाहीच, याला फक्त वापरायची परवानगी दिली आहे. लिव्ह अँड लायसन्स. परवाना संपला की माणूस बाहेर. बरीच वर्षं हे चाललं. मग १९७३मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ला असा चालू परवाना हाती घेऊन जागेत असलेल्यांना थेट भाडेकरूचा दर्जा मिळाला. त्याआधी १९५९मध्ये पोटभाडेकरूंनाही असंच संरक्षण दिलं गेलं होतं.

त्या दिवशी आत असलेल्यांसाठी हा मोठा दिलासा होता, आणि त्यातले बरेचसे गरजू होते याबद्दल मला शंका नाही. पण रिकामी खोली असलेल्या प्रत्येकाने त्यातून एकच धडा घेतला: आज ज्याला परवानगी देऊ तो उद्या कायद्याने घरातला होईल. एकाला वाचवलं त्याची किंमत त्याच्यानंतर दार ठोठावणाऱ्याने मोजली. कुणी खोलीला कुलूप घालून ठेवलं, कुणी फक्त बँक किंवा कंपनीलाच जागा देऊ लागलं, कुणी प्रचंड डिपॉझिट मागू लागलं. नोकरीसाठी मुंबईत आलेला माणूस विरारच्या गाडीला लटकला.

अकरा महिन्यांचा करार हाही त्याच भीतीचा वारस. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून बारा नकोत; आणि माणूस मुरू नये म्हणून लांब नको. १९९९च्या कायद्याने महाराष्ट्रात असा प्रत्येक करार, कितीही छोटा असला तरी, लेखी करून नोंदवणं सक्तीचं केलं. मुदत संपल्यावर ताबा परत मिळवायची सोपी वाटही दिली. म्हणजे अकराचं मूळ कारण उरलं नाही. एजंट अजूनही अकराच लिहितो. विचारलं तर म्हणतो, "पद्धत आहे."

२०१७-१८च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत एक नोंद आहे: देशातल्या मोठ्या शहरांत सर्वाधिक रिकामी घरं मुंबईत, सुमारे ४.८ लाख. त्याच पाहणीनुसार १९६१मध्ये देशाच्या शहरी भागातल्या घरांपैकी ५४ टक्के भाड्याची होती, २०११मध्ये २८ टक्के. आधारासाठी घेतलेली ही २०११ची मोजणी आता जुनी झाली. तरी जिथे माणसं आठ-आठ जण एका खोलीत राहतात तिथेच लाखो खोल्यांना कुलपं, हे चित्र गिरगावची पावती वाचल्याशिवाय कळत नाही.

बँकेलाही वीस रुपयेच

हा कायदा गरिबांसाठी होता असं आपण सहज म्हणून जातो. पण पावती माणसाचं उत्पन्न विचारत नाही. गिरणीकामगाराला जे संरक्षण, तेच फोर्टमधल्या बँकेला, विमा कंपनीला, भरभराटीतल्या पेढीला. उलट कित्येक चाळींचे मालक म्हणजे दोन-चार पिढ्यांत वाटण्या होऊन रुपया-दोन रुपयांचे हिस्सेदार झालेली माणसं. भाड्यातली ही सूट सरकारने दिली असती तर ती अर्थसंकल्पात दिसली असती, तिच्यावर चर्चा झाली असती. ती मालकाच्या खिशातून दिली गेली, म्हणून कुठेच दिसली नाही.

आणि तरीही गिरगावच्या माणसासमोर मी हा कायदा सरसकट वाईट म्हणणार नाही. ती वाचलेली भाडी हवेत गेली नाहीत. त्यांतून मुलं शिकली. शाळा, वाचनालयं, व्यायामशाळा, हौशी नाटकं चालली ती तिथे तीन-तीन पिढ्या टिकून असलेल्या माणसांच्या जिवावर. केशवजी नाईक चाळीतला १८९३पासूनचा गणपती आजही बसतो, त्यामागे श्रद्धा आहे तशी न वाढलेली भाडीही आहेत. बाजारभावाने हा सगळा मुलूख एका पिढीत रिकामा झाला असता. कुणाला हे परवडलं आणि कुणाला नाही, याचं उत्तर तुम्ही चाळीच्या आत जन्मलात की बाहेर यावर अवलंबून आहे. मी बाहेर जन्मलो, हे सांगून टाकलेलं बरं.

चार टक्के

१९ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की १९४०च्या भाड्यावर अडकून राहणं काळाच्या ओघात अवाजवी झालं आहे. तरतूद लगेच रद्द मात्र केली नाही, कारण कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ला संपणार होती आणि नवा येऊ घातला होता. नवा आला: महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. अंमल ३१ मार्च २०००पासून.

त्याने तीन गोष्टी केल्या. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी किंवा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांचं संरक्षण काढलं. फोर्टमधल्या कित्येक कचेऱ्यांत त्या वर्षी धावपळ उडाली. दुसरं, पागडी कायदेशीर केली. जी रक्कम पन्नास वर्षं टेबलाखालून जात होती ती आता मालक संमतीपोटी आणि भाडेकरू जागा सोडण्यापोटी उघड घेऊ शकतो. आणि तिसरं, भाडं दर वर्षी चार टक्क्यांनी वाढवायची मुभा दिली.

चार टक्के ऐकायला ठीक वाटतात. वीस रुपयांवर चक्रवाढीने पंचवीस वर्षं लावून पाहा: त्रेपन्न रुपये होतात. चोवीस खोल्यांचे मिळून तेराशेच्याही आत. कायद्याने भाडं मोकळं करण्याचं धाडस केलं नाही. त्याऐवजी त्याने भाड्याची काळी किंमत पांढरी केली. राजकारण म्हणून हे चलाख होतं. छप्पर मात्र तिथेच राहिलं.

मालकांची दुसरी लढाई तर याहून लांबली. १९८६च्या दुरुस्तीने म्हाडा कायद्यात तरतूद आली की उपकरप्राप्त इमारतीच्या भाडेकरूंनी सहकारी संस्था केली तर सरकार ती इमारत संपादित करून त्यांना देऊ शकेल, आणि मोबदला मासिक भाड्याच्या शंभर पट. आपल्या चाळीला हे लावा: चारशे ऐंशी गुणिले शंभर, अठ्ठेचाळीस हजार. गिरगावातली अख्खी इमारत, जमिनीसकट! मालकांच्या संघटनेची याचिका १९९२मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली आणि खालच्या पीठाकडून वरच्या पीठाकडे जात शेवटी नऊ न्यायाधीशांपुढे पोचली. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी बहुमताने निकाल आला की प्रत्येक खासगी मालमत्ता ही राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ख)मधल्या 'समाजाच्या भौतिक साधनसंपत्ती'त, म्हणजे सर्वांच्या हितासाठी वाटायच्या साधनांत, आपोआप मोडत नाही. देशभर त्याची चर्चा समाजवाद विरुद्ध भांडवलशाही अशी झाली. तिच्या मुळाशी मुंबईतली टेकू दिलेली गॅलरी होती, हे फार थोड्यांनी सांगितलं.

तडा आणि भाव

मग आज त्या खोलीचे लाख कशाचे? वाचणाऱ्या भाड्याचे थोडे, येणाऱ्या टॉवरचे जास्त. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७)खाली उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास झाला तर भाडेकरूला नवं घर मालकीने, पदरचा पैसा न घालता मिळतं. सध्याच्या नियमांत किमान ३०० चौरस फूट, आणि निम्म्याहून अधिक, म्हणजे ५१ टक्के भाडेकरूंची संमती पुरते. बिल्डर वाढीव एफएसआयमधून, म्हणजे जास्तीच्या बांधकामाच्या परवानगीतून, वरचे मजले विकून खर्च काढतो. म्हणजे १६० चौरस फुटांची पावती घेणारा आज खोली घेत नाही, तो टॉवरमधल्या न बांधलेल्या घराचं तिकीट घेतो.

आणि तिकिटाचा भाव गाडी जवळ आली की वाढतो. इमारत जितकी मोडकळीला, तितका पुनर्विकास जवळ. पुनर्विकास जितका जवळ, तितकी पावती महाग. आता दुरुस्तीला पैसे कोण घालील? मालकाला नको, बिल्डरला नको, भाडेकरूलाही मनातून नको. सगळे एकाच तड्याकडे आशेने पाहत असतात. ३१ ऑगस्ट २०१७ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत पडली तेव्हा तीही पुनर्विकासाच्या यादीत होती. ३३ माणसं गेली. नोटीस येऊनही लोक धोकादायक इमारत का सोडत नाहीत, असा प्रश्न दर पावसाळ्यात टीव्हीवर विचारला जातो. संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या सरकारी घरांत, गेलेली किती कुटुंबं वर्षानुवर्षं तिथेच अडकून पडली हे ज्याने पाहिलं आहे, तो ताबा सोडून उठत नाही. सहा महिन्यांच्या कलमाची सवय तीन पिढ्यांची आहे.

समजा, आपल्या खोलीचं नशीब उघडलं. टॉवर झाला. आजीच्या नातवाला अकराव्या मजल्यावर घर मिळालं. भाडं संपलं आणि मेंटेनन्स सुरू झाला. लिफ्ट, पाण्याचा पंप, वॉचमन धरून महिन्याचं बिल आजोबांच्या कित्येक वर्षांच्या भाड्याएवढं. नातवाची नोकरी ऐरोलीला, मुलांची शाळा डोंबिवलीला. त्याने घर भाड्याने द्यायचं ठरवलं. एजंटने एक नवरा-बायको आणले, नुकतं लग्न झालेले, दोघांनाही नोकरी, सभ्य माणसं. त्यांना तीन वर्षांचा करार हवा होता.

नातू म्हणाला, "अकरा महिने. पुढचं पुढे बघू."